पायांकडची जागा

५ डिसेंबर, सर्वण

पोचले एकदाची! बांद्याहून धारगळपर्यंत बाबांच्या टेम्पोत, काजूच्या कलमांमध्ये पाय अवघडून. बाबांना तिथल्या एका बागायतदाराला कलमं पोचवायची होती, म्हणून माझं भाडं वाचलं असं ते सारखं हसून सांगत होते. हायवेच्या कडेला बसलेल्या बायकांकडून त्यांनी माझ्यासाठी उगाचच ढीगभर रताळी घेतली. कॉलेजात मला पुरातत्त्व शिकवणाऱ्या विनोदिनी मॅडमनी पाठवलेली जीप समोरच उभी होती. मी जीपमध्ये बसले तरी बाबा हलेनात. शेवटी मीच हात हलवून त्यांना जायला सांगितलं.

जीप चालवणारे सुदेश मूळचे सुर्ल्याचे. खाणी चालू होत्या तेव्हा टिप्पर चालवायचे, आता मॅडमच्या उत्खननावर मुकादम आहेत. डिचोली सोडेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि मग सर्वण येईपर्यंत थांबले नाहीत.

मॅडम फाटकातच उभ्या होत्या. कॉलेजात होत्या तशाच, केस मात्र पूर्ण पांढरे झालेत. मला घट्ट मिठी मारली आणि आतल्या बाईंना हाक मारून म्हणाल्या, "क्षमा, चहा ठेव गो. माझी मुलगी आली!"

आई गेल्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

घर नवं, स्वच्छ, पुढे मोठा बाल्कांव, म्हणजे बसायची ओसरी. माझी खोली बाजूला, स्वतंत्र दाराची. खिडकीचं जनेल उघडलं की थेट पोफळीची बाग. मी पिशवी रिकामी केली, आईचा फोटो मेजावर ठेवला. क्षमाताईंनी गरम पोय, म्हणजे इकडचा पाव, आणि मुगांची मुगागाठी आणून दिली. क्षमाताई आमच्याकडच्याच, दोडामार्गच्या. माझं मालवणी ऐकून खूष झाल्या.

उद्या सडा बघायचा. झोप येईल असं वाटत नाही, पण चांगल्या कारणाने.


६ डिसेंबर

सडा म्हणजे गावामागचं जांभ्याचं पठार. वाळकं गवत, मधूनच करवंदीच्या जाळ्या, आणि उन्हात सगळं तांबडं. त्याच्या ऐन मध्यावर जांभ्याच्या बसक्या शिळांचं वर्तुळ. अशी शिळावर्तुळं मी विदर्भात पाहिली आहेत, शिकत असताना तिथे दोन हंगाम काम केलंय. ती इकडे, माझ्या घरापासून इतक्या जवळ निघावीत!

वर्तुळाच्या आत गेल्या वर्षी मॅडमनी दफन उघडलं. मी खड्ड्याच्या काठावर बसले आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. या मातीत हाडं टिकत नाहीत, आम्ल खाऊन टाकतं. इथे मात्र पूर्ण सांगाडा आहे. बाई, उताणी, हात दोन्ही बाजूंना. गळ्याशी कार्नेलियनचे लाल मणी, मनगटांत तांब्याची कडी, कानांजवळ सोन्याच्या तारेची वेटोळी, उशाला काळी-तांबडी भांडी आणि लोखंडाची कुऱ्हाड. कामगार तिला व्हडलीबाय म्हणतात, म्हणजे मोठी बाईसाहेब. मॅडमही आता तसंच म्हणतात.

मॅडम कॉलेजात जे शिकवायच्या तेच आज खड्ड्यात उभं राहून पुन्हा म्हणाल्या. मेलेलं माणूस कोण होतं हे हाडं सांगत नाहीत, त्याच्यासोबत पुरलेल्या वस्तू सांगतात. जितक्या लांबून आणलेल्या, जितक्या कष्टाने घडवलेल्या वस्तू, तितका मान मोठा.

व्हडलीबायच्या पायांकडे एक रिकामा खळगा आहे. गेल्या वर्षी तिथे दुसरा सांगाडा होता. तरुण मुलगी, कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, तोंड बाईकडे. तो परराज्यातल्या प्रयोगशाळेत तपासणीला गेला. तिच्याजवळ काहीच सापडलं नव्हतं. मणी नाही, कडं नाही, साधं खापरही नाही. हाडांवर घाव नव्हता, हातपाय बांधल्याची खूण नव्हती.

मग हिचा दर्जा काय समजायचा, मी विचारलं.

मॅडम खळग्याकडे बघत म्हणाल्या, "तिचा दर्जा कसला? ती व्हडलीबायची वस्तू. भांडी, मणी, तशी ती."

माझं काम भांड्यांची आणि दफनाची चित्रं काढायचं, आणि व्हडलीबायच्या उजव्या बाजूची न उकरलेली माती मोकळी करायचं. अहवालावर त्यांच्या नावाशेजारी माझं नाव असेल, असं मॅडम स्वतःहून म्हणाल्या. बाबांना फोन करून सांगितलं. तुषारने, माझ्या धाकट्या भावाने, मागून ओरडून पार्टी मागितली.


९ डिसेंबर

काम जोरात. हात उन्हाने रापले. दुपारी सुदेश सगळ्यांना शहाळी काढून देतात आणि खाणीवरच्या गमती सांगतात.

आज मॅडमच्या मुलीला पहिल्यांदा पाहिलं. सिद्धी. माझ्याच वयाची असेल. पणजीत चांगल्या नोकरीला होती, गेल्या वर्षी सुट्टी घेऊन आईला खणायला मदत केली आणि तेव्हापासून आजारी. कसला ताप कळलाच नाही, असं मॅडम म्हणाल्या. संध्याकाळी चहाला ती बाल्कांवात आली. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ती खाली फरशीवर, मॅडमच्या पायांशी बसली. अंगावर साधा सुती गाऊन. कानात, गळ्यात, हातात काही नाही. कानांची भोकंसुद्धा बुजली आहेत.

मी तिला नावाने हाक मारून बिस्किटं पुढे केली. तिने वर बघितलंच नाही. तिला नाव म्हणून काही ठाऊकच नसावं, तसं. मॅडमनी पटकन विषय बदलला.

थोड्या वेळाने माझ्या हातातला रिकामा कप तिने न सांगता उचलला, आत जाऊन धुतला आणि पुन्हा येऊन पायांशी बसली. मॅडमनी तोंड फिरवलं. त्यांचे डोळे भरले होते. इतक्या हुशार बाई, आणि घरात हे दुःख. मी ठरवलंय, जमेल तेवढा भार हलका करायचा त्यांचा.


१२ डिसेंबर

आईची अंगठी सापडत नाही.

चांदीची, साधी. काम करताना मातीत घासायला नको म्हणून रोज सकाळी काढून फोटोसमोर ठेवते. आज सड्यावरून आले तर नाही. सगळी खोली पालथी घातली, गादी उचलली, बागेतसुद्धा शोधलं. क्षमाताई माझ्याबरोबर शोधत होत्या. उंदीर नेतात वस्तू, असं त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

मॅडमनी जवळ घेतलं. आईची आठवण वस्तूत नसते गो बाय, म्हणाल्या. खरंच असेल. तरी जेवण गेलं नाही.


१५ डिसेंबर

हे नीट, शांतपणे लिहायला हवं.

आज व्हडलीबायच्या उजव्या हाताजवळची माती घेत होते. तिथली माती गच्च, जांभ्यासारखी घट्ट झालेली, कोणाचा हात न लागलेली. मीच छिन्नीने थर सुटा केला. उपडं ठेवलेलं एक वाडगं निघालं. ते मी उचललं. त्याच्याखाली अंगठी होती.

काळी पडलेली, हिरवट पुटं चढलेली, एका बाजूने झिजून कागदासारखी झालेली. किती शतकं मातीत राहिली की चांदी अशी होते, ते मला कळतं. मी मऊ ब्रशने आतली बाजू साफ केली. आत 'शा' कोरलेलं होतं.

शालिनी. माझ्या आईचं नाव. लग्नात सावंतवाडीच्या सोनाराकडून बाबांनी कोरून घेतलं होतं. त्या 'शा'चा काना थोडा वाकडा आहे. इथेही वाकडा होता.

मी मॅडमना हाक मारली. अंगठी तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे धरली. त्यांनी भिंग लावून बघितलं, बराच वेळ. मग म्हणाल्या की हा ओरखडा आहे, मातीतल्या खड्यांनी असे ओरखडे पडतात, आणि दुःखात माणसाला हवं ते दिसतं. अंगठी पाकिटात घालून, वर क्रमांक टाकून त्यांनी पेटीत ठेवून दिली.

पण त्या दचकल्या नाहीत. खणताना साधं नवं खापर निघालं तरी मॅडम लहान मुलीसारख्या ओरडतात. आज ओरडल्या नाहीत.


१७ डिसेंबर

घड्याळ गेलं. मग पैंजण. आज फणी.

घड्याळ मला काल मिळालं. म्हणजे त्याचं जे उरलं होतं ते, व्हडलीबायच्या मनगटाच्या हाडांपाशी, गंजाची एक चकती आणि काचेचे कण. पैंजण व्हडलीबायच्या पायांत होते. पायांत! तो भाग मी सड्यावरच्या पहिल्याच दिवशी कागदावर काढला होता, तेव्हा पाय मोकळे होते. चित्र आहे माझ्याकडे. ते घेऊन मॅडमकडे गेले, तर त्या म्हणाल्या की तूच काढायला विसरली असशील.

कामगार माझ्यापासून लांब बसून जेवतात. सुदेश शहाळं देतात, पण खाली ठेवून जातात.

संध्याकाळी सिद्धी बाल्कांवात आली. खुर्चीत बसली. तिच्या कानात डूल होते. भोकं बुजली होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. मॅडमनी तिला हाक मारली आणि ती "ओ" म्हणाली.

मॅडम रडायला लागल्या. मलाही आनंद व्हायला हवा होता. माझ्या लक्षात आलं की मी फरशीवर बसले आहे. खाली कधी बसले, आठवत नाही.


१९ डिसेंबर

क्षमाताईंना पकडलं. डोकं दुखत होतं म्हणून मी सड्यावरून लवकर परतले. त्या माझ्या खोलीत होत्या, आईचा फोटो पदराखाली धरून.

मी ओरडले नाही. दाराला टेकून उभी राहिले. त्याच खाली बसून रडायला लागल्या.

"बाय, माका म्हायत नव्हता गो," त्या म्हणाल्या. "बाईंनी सांगल्यानी, सिद्धीच्या बऱ्यापणासाठी देवाक ठेवूचा आसा. नुसती जुनी वस्तू एक-एक आणून दी म्हणाल्यानी. माका वाटला, अंगारो-धुपारो असतलो."

मग सगळं सांगितलं. गेल्या वर्षी पायांकडचा सांगाडा सिद्धीने आपल्या हातांनी उचलून पेटीत ठेवला होता. त्या आठवड्यापासून तिच्या वस्तू जायला लागल्या. आधी बांगड्या, मग गळ्यातलं, मग लॅपटॉप, मग नोकरी. ऑफिसातल्या लोकांना ती आठवेना. शेवटी हाकेला ओ देईनाशी झाली. रोज सकाळी ती उठून सड्यावर जायची आणि खड्डा झाडायची. तिला धरून आणावं लागे. मॅडमनी तो सांगाडा परत मागवला. पण तपासणीसाठी हाडांची पूड केली होती, उरलं होतं ते मूठभर. ते आणून ठेवलं, त्याने भागलं नाही.

मग एक दिवस मॅडमनी मला फोन केला. क्षमाताई तेव्हा भाजी चिरत होत्या. त्यांचा आवाज ऐकूनच मी कशी खूष झाले, ते मॅडमनी फोन ठेवल्यावर त्यांना सांगितलं होतं. आणि मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

फोटो मी परत घेतला. काचेमागे कागद आहे. आई नाही. पांढरा, स्वच्छ कागद.

"घराक जा," क्षमाताई म्हणाल्या. "आजच जा आणि परत येव नको."

जाणार आहे. पण आधी त्यांच्या तोंडून ऐकायचंय.


२० डिसेंबर

दुपारी. ऊन इतकं की बाल्कांवाची फरशी तापलेली. मॅडम बादली घेऊन खापरं धूत होत्या, जुन्या टूथब्रशने, कॉलेजात आम्हाला शिकवलं तसं, कडेकडेने. मी समोर उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही. कदाचित मी त्यांना आता कमी दिसू लागले असेन.

"मॅडम, मला का बोलावलंत?"

"चित्रं छान काढतेस म्हणून."

"मॅडम."

ब्रश थांबला. "व्हडलीबायला ओढून आणलेलं माणूस चालत नाही," त्या म्हणाल्या. "मी करून बघितलं. पैसे देऊन एक बाई आणली होती, ती दुसऱ्या दिवशी पळून गेली, तिचं काहीच गेलं नाही. पायाशी येणारी आपल्या पायांनी यावी लागते. कोणाच्या तरी मायेनं."

मी विचारलं की मग मीच का.

"कॉलेजात तू माझी पिशवी कोणाला उचलू द्यायची नाहीस," त्या म्हणाल्या. "आठवतं? सहलीत मी दमले की तू उन्हाच्या बाजूने चालायचीस, माझ्यावर सावली पडावी म्हणून. एवढी माया माझ्यावर दुसऱ्या कोणी केली नाही. सिद्धीनंसुद्धा नाही."

मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. मी म्हटलं, "तुम्ही मला मुलगी म्हणालात. फाटकात. सगळ्यांसमोर."

"म्हटलं. खोटं नव्हतं ते." आता त्यांनी वर बघितलं. डोळे कोरडे होते. "मुलीसारखीच आहेस तू मला. पण सिद्धी मुलगी आहे, प्राजक्ता."

नाव घेताना त्या अडखळल्या. आठवावं लागलं त्यांना.

आतून सिद्धीचा आवाज आला. फोनवर कोणाशी तरी बोलत होती, हसत होती. मॅडमचा चेहरा त्या आवाजाने असा उजळला की त्यांना शिवी द्यायला उघडलेलं माझं तोंड तसंच मिटलं. त्यांनी पुन्हा ब्रश हातात घेतला.

मी वाकून त्यांची गढूळ झालेली बादली उचलली, ओतून आले आणि स्वच्छ पाणी भरून त्यांच्यापुढे ठेवली.

का? मी असं का केलं?


२१ डिसेंबर

निघाले सकाळीच. पिशवीत घालायला ही वही आणि पेन सोडून काही उरलंच नव्हतं. क्षमाताईंनी आपला मोबाईल हातात कोंबला. माझा कधी गेला ते कळलंही नाही.

सर्वणच्या स्टॉपवर उभी होते. डिचोलीची बस आली, मी हात केला, थांबली नाही. पुढची थांबली, कारण एका आजोबांना उतरायचं होतं. मी पायरीवर पाय ठेवला तर कंडक्टरने माझ्या तोंडावर दार ओढलं. रागाने नाही. तिथे कोणी नसल्यासारखं.

मग बाबांना फोन लावला. नंबर पाठ आहे, तेवढा अजून आहे. बाबा "हॅलो" म्हणाले आणि मला रडूच फुटलं. बाबा, मला न्यायला या, टेम्पो घेऊन या, आत्ता या, म्हटलं.

"कोण बोलता?"

मी म्हटलं, मी बाबा, मी. तुमची मुलगी.

ते घुटमळले. मागे तुषार कोणाचा फोन म्हणून विचारत होता. मग बाबा अगदी मऊ आवाजात म्हणाले, परक्या माणसाशी बोलतात तसं, "गे बाय, माका चेडू नाय. एकच झील आसा, तुषार. नंबर चुकलो तुझो. रडा नको हां."

रडा नको म्हणाले. तसेच आहेत बाबा. अनोळखी बाईलासुद्धा —

चालत निघाले. डिचोलीचा रस्ता सरळ आहे, चुकण्यासारखा नाही. डाव्या हाताला भातखाचरं, पुढे वळण, दुकानं. मी चालत होते, मला पक्कं आठवतं. मग पाय भाजायला लागले म्हणून खाली बघितलं तर जांभा. सडा. चपला नाहीत. कमरेवर पाण्याची कळशी.

वर्तुळाशी सुदेश होते. ते थबकले, डोळे बारीक करून बघत राहिले.

"तुजें नांव कितें गो?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं.


२२ डिसेंबर

मागचं पान वाचून काढलं. मॅडमनी मला हाक मारली असं लिहिलंय तिथे एक शब्द आहे. एका फुलाचा. वाचता येतो. माझा वाटत नाही.

खड्डा झाडून झाला. शिळांच्या कडेकडेने आलेलं गवत काढलं. कोणी सांगितलं नव्हतं.

तिची माती मऊ आहे. माझ्या खोलीपेक्षा थंड.

मी पळते आहे. रोज पळते आहे. हे लिहून ठेवते, म्हणजे कोणाला वाटू नये की मी आपण होऊन —


२३ डिसेंबर

क्षमाताई सड्याखालच्या वाटेने गेल्या. हाक मारली. त्यांनी वळून बघितलं, थेट माझ्याकडे, आणि नमस्कार करून पुढे गेल्या. देवाच्या झाडाला करतात, दगडाला करतात, तसा.

कुठलं गाव माझं? पुलाचं. नदीचं. टेम्पोत काजूचा वास होता. एवढं आहे. हे देणार नाही. हे नाही

दिलं वाटतं.


२४

खळग्यात बसून बघितलं. फक्त बसून. गुडघे पोटाशी घेतले की बरोबर बसतं. माझ्या मापाचा आहे. कसा —

तिच्या पायांतलं काहीतरी वाजतं, वारा आला की. चांदीचं. सुरेख आहे. कोणी दिलं असेल तिला.

रागावले होते मी कोणावर तरी. फार. त्या बाईचे केस पांढरे. तिला सावली दिली होती मी. ती म्हणाली

सारखी. सारखी म्हणाली. मुलगी नाही. सारखी.

हा राग ठेवायचा. हाच माझा आहे. हा कोणी घेऊ नये


दुपार

आले आहेत. काठावर. सुदेश फावडं घेऊन, मान खाली. पांढऱ्या केसांची बाई. तिच्याजवळ ती मुलगी, ठणठणीत, हिरवा ड्रेस, हातभर बांगड्या.

माती पडते आहे. पायांवर. ऊब आहे तिला. उठायला हवं. उठता येत नाही, कोणी धरलेलं नाही तरी —

ती मुलगी बघते आहे. मला बघते आहे! बाकी कोणालाच दिसत नाही मी, तिला दिसते. तिला ठाऊक आहे इथे कसं असतं. तीही झाडायची. तिचे डोळे भरलेत. तिने आईचा हात सोडला.

वाकली. खाली उतरते आहे. सुदेश थांबले.

सिद्धी. बघ, तुझं नाव येतं मला. सिद्धी, मला ओढ. हात पुढे करते आहे ती. माझ्याकडे हात — देवा, आली, ही ओढून घेईल मला, हिला कळतं, हिला

नाही. हात माझ्या हाताकडे नाही. पेनाकडे —